मनगटावरचे आकडे

फेब्रुवारी संपत आला की मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडतो, दोन पानं वाचतो आणि उठतो. खिडकीशी जातो, परत येतो, तर कुठल्या ओळीवर होतो ते हरवलेलं असतं. बोईसरच्या हवेत या दिवसांत सकाळी कारखान्यांचा एक आंबूस वास खाली बसून राहतो. कुणाच्या तरी अंगणातल्या आंब्याला मोहोर आलेला असतो, त्याचाही वास येतो. दोन्ही वास वेगवेगळे येतात, एकमेकांत मिसळत नाहीत. नाक दोन्हींच्या मध्ये अडकून राहतं.

दहावीची परीक्षा आली, असं या दोन वासांवरून मला कळतं. मग बाकीचं दिसायला लागतं. केंद्राजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांची शटरं सकाळी खाली असतात. फाटकाबाहेर आया पदराआडून दह्याच्या वाट्या काढतात. वऱ्हांड्यात वर्गाबाहेर चपलांच्या रांगा लागतात, कारण चपलेच्या तळव्यात कागद दडवता येतो असं आम्ही मोठ्यांनी ठरवलेलं आहे. मुलं अनवाणी आत जातात. थंड फरशीवर त्यांचे पाय आखडतात आणि बोटं एकमेकांवर चढतात. तेवीस वर्षं पर्यवेक्षण करतो आहे. मुलांच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नाही, पायांवरून कळतं. चेहऱ्याने सगळी सांगतात, "टेन्शन नाय सर." पाय तसं सांगत नाहीत.

यंदा अस्वस्थपणा जरा जास्त आहे. विनयाला जाऊन वर्ष झालं. परवा सप्तमीला घरी वर्षश्राद्ध झालं. साताऱ्याहून भाऊ आले होते, जेवून गेले. जाताना धाकटा म्हणाला, "दादा, आता जरा माणसांत राहा." मी हो म्हणालो. माणसांतच तर असतो. एकेका वर्गात पंचवीस.

विनया आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. मी मराठी. आम्ही दोघं देशावरचे. तिचे वडील वीजकेंद्रात नोकरीला आले आणि ती इथेच वाढली. मी नोकरीसाठी आलो. मुलं तिला चिडवत आणि मला घाबरत. हा फरक मला बरीच वर्षं माझ्या बाजूचा वाटत होता. नियम म्हणजे नियम, असं मी वर्गात पहिल्या दिवशी सांगायचो, आणि ते वाक्य मला आवडायचंही. विनया म्हणायची, "अहो, मुलांना नियम तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतात. कुठला नियम कोणासाठी वाकतो, तेही त्यांना पाठ असतं. ते तुम्हाला नाही."

हे ती बोलायची तेव्हा मी पेपर तपासत असायचो.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च मला पुन्हा पुन्हा आठवतो. ओळीने आठवत नाही. कधी नुसता एक हात आठवतो, कधी खडकांवरचं ऊन.

पर्यवेक्षकांची अदलाबदल होते. ज्याची मुलं त्याने राखायची नाहीत, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. त्या वर्षी मला किनाऱ्याकडच्या एका शाळेत पाठवलं होतं. वर्गात एकही चेहरा ओळखीचा नव्हता, आणि तशी सोयच केलेली होती. गणिताचा पहिला पेपर होता, दोन तासांचा. एका मुलीने पुरवणी मागायला हात वर केला. गणवेशाची बाही कोपरापर्यंत घसरली. मनगटाच्या आतल्या बाजूला निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: ११×३÷४. त्याखाली ८.१५. आणखी खाली, गोल करून, २.२५.

मी तिचा हात धरला. जोरात नाही. पण धरला.

"ऊठ."

"सर, ते पाण्याचं हाय."

"बोलायचं नाही. परीक्षा चालू आहे."

चोवीस मुलांनी माना वर केल्या. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी तेव्हा पाहिलं नाही. मी तिची उत्तरपत्रिका घेतली आणि शिपायाला केंद्रसंचालकांकडे पाठवलं. ते येईपर्यंत ती भिंतीला पाठ लावून उभी होती, हात पुढे धरूनच. जणू तो हात आता तिचा नव्हता, माझ्याकडे जमा झाला होता. तिचे पाय मला आठवतात. ते आखडलेले नव्हते. सपाट टेकलेले होते.

केंद्रसंचालक त्याच गावचे, उतारवयाचे गृहस्थ. दुसऱ्या वर्गात एका मुलाला चक्कर आली होती, म्हणून त्यांना यायला वेळ लागला. त्यांनी चष्मा वर करून मनगट पाहिलं आणि मला वऱ्हांड्यात घेतलं.

"सर, तुम्ही कुठले?"

"मूळचा साताऱ्याकडचा."

"मग बरोबर. अहो, आज एकादशी. अकराला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. सव्वाआठला भरती. तिथून सहा तास आणि वर थोडं, म्हणजे अडीचच्या आत ओहोटी. आमच्याकडे सगळे असंच काढतात. पोरीला पेपर सुटल्यावर आईबरोबर खडकावर जायचं असेल, कालवं काढायला."

मी आत जाऊन उत्तरपत्रिका तिच्या बाकावर ठेवली. चोवीस मिनिटं गेली होती. ती भरून देता येत नाहीत, तसा नियम नाही. पुढचा अर्धा तास ती पेन धरून खिडकीबाहेर बघत होती. शेवटी एक गणित सोडवलं. बाहेर चपला घालताना मैत्रिणीला म्हणाली, आवाज मला ऐकू येईल इतपत ठेवून, "परवाच्याला नाय येत मी. मरूदे."

नाव दर्शना. हॉल तिकिटावर होतं.

संध्याकाळी घरी सांगितलं. विनया पोह्यांना फोडणी देत होती. मी सगळं क्रमाने सांगितलं, नियम कुठे कसा लागू होता तेसुद्धा. तिने गॅस बंद केला.

"तुम्ही तिला विचारलंत का, काय लिहिलंय ते?"

"दिसत होतं ना. आकडे होते. गणिताचा पेपर होता."

"विचारलंत का?"

पोहे त्या दिवशी तिने खाल्ले नाहीत. मी खाल्ले. असं काहीबाही उगाच आठवतं.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. केंद्रसंचालकांना फोन करून तिने घर विचारून घेतलं आणि आम्ही स्कूटरवरून दर्शनाच्या गावाला, एडवणला गेलो. ती म्हणाली, "आज द्वादशी. बाराचे तीन चतुर्थांश नऊ. म्हणजे तीनच्या सुमाराला त्या दोघी खडकावर असतील." एका रात्रीत तिने ते गणित आपलंसं केलं होतं. विज्ञान शिकवणारी बाई. मला अजून करताना बोटं मोजावी लागतात.

समुद्र खूप आत गेला होता. काळे खडक उघडे पडले होते आणि त्यांवर वाकलेल्या बायका. लोखंडी टोकाने कालवं फोडल्याचा टक् टक् आवाज येत होता, कुठून ते कळत नव्हतं, सगळीकडूनच. विनयाने चपला हातात घेतल्या, सलवार वर खोचली आणि सरळ चालू लागली. मी बुटांत होतो. वाळूवरच थांबलो. मग लाज वाटून मागोमाग गेलो आणि दुसऱ्याच खडकावर घसरलो.

"सावकाश या मास्तर," दर्शनाची आई म्हणाली, "तिथं शेवाळ हाय." दर्शनाने ओळखलं, पण मान वर केली नाही.

मी येताना वाक्यं ठरवून आलो होतो. उभा राहून म्हणालो, "काल माझ्याकडून अनवधानाने तुझ्या बाबतीत जो प्रकार घडला, त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो."

टक् टक् थांबली. शेजारच्या खडकावरची बाईसुद्धा बघायला लागली.

"सर, निबंध बोलताय का?" दर्शना म्हणाली.

तिची आई तोंडाला पदर लावून हसली. विनया तर उघडच हसली. माझे कान तापले.

"उद्याच्या पेपरला ये," मी म्हणालो.

"कशाला? कालचाच गेला. नापासच हाय मी."

"आणि नापास झालीस तर?" विनयाने विचारलं. ती एका खडकावर टेकली होती, चहाला आल्यासारखी.

"काय नाय होणार. जुलैत बसायचं परत. आमच्या आळीत अर्धी जुलैवालीच हायत." ती हे फुशारकीने म्हणाली. मग एक कालव फोडताना हात घसरला आणि बोटाला लागलं. तिने बोट तोंडात घातलं. ते काढल्यावर आवाज बदलला होता. "नापास व्हायचं काय नाय वाटत, मॅडम. मला गणित येतच नाय. पण कॉपी नाय केली मी कधी. सहावीत सगळ्या वर्गाने केलेली, तेव्हापण नाय. आणि यांनी सगळ्यांसमोर हात धरला. आता मी शंभर वेळा सांगेन, पाण्याचं होतं, पाण्याचं होतं. कोण ऐकणार?"

वर्गात मुलांना बोलकं करायला मी किती प्रश्न विचारतो, या धड्यातून तुम्हाला काय वाटलं, लेखकाचा हेतू काय. आणि इथे एकही विचारला नव्हता.

तेव्हा विनयाने एक गोष्ट केली, जिचा मला त्या क्षणी संताप आला होता. ती म्हणाली, "हे सर पण नापास झाले होते. अकरावीला. गणितातच."

हे मी तिला लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं होतं आणि जगात दुसऱ्या कोणालाही नाही.

"खरं?" दर्शनाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"आठ दिवस घरी सांगितलं नाही," विनया म्हणाली. "रोज कॉलेजला म्हणून निघायचे आणि गावातल्या वाचनालयात बसायचे संध्याकाळपर्यंत."

"आठ दिवस? काय करत होतात तिथं?"

"वाचत होतो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? वाचनाची सवय मला कशाने लागली असं कोणी विचारलं तर मी आजोबांचं नाव सांगत आलो आहे. खरं कारण त्या आठ दिवसांत आहे. वडिलांच्या समोर जाण्यापेक्षा कादंबरीत शिरणं सोपं होतं. नवव्या दिवशी त्यांनाच कोणीतरी सांगितलं. ते मारतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "एवढे दिवस दुपारी काय खात होतास?" तो प्रश्न रागाचा नव्हता हे कळायला मला पुढे किती वर्षं लागली.

"मग तुमाला म्हायती हाय," दर्शना म्हणाली. तिने ते आरोपासारखं म्हटलं. आणि तो आरोपच होता.

थोड्या वेळाने तिने अट घातली. उद्या पेपरच्या आधी मी तिच्या वर्गात यायचं. सगळ्यांसमोर तिचे हात बघायचे. काही नसलं तर काही नाही असं म्हणायचं. मोठ्याने. "मग येते."

परत येताना स्कूटरवर विनया गुणगुणत होती. माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत ठेवलेली वस्तू तिने रस्त्यावर मांडली, असं मला वाटत होतं. पालघरजवळच्या माहीमच्या पुढे ती म्हणाली, "रागावलात?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "रागवा. पण उद्या जा."

दुसऱ्या दिवशी कळलं की माझा वर्ग बदललाय. एकाच पर्यवेक्षकाला लागोपाठ तोच वर्ग देत नाहीत. मी केंद्रसंचालकांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, मला पाच मिनिटं त्या वर्गात जाऊ द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की याच माणसाने परवा नियमासाठी पोरीला भिंतीशी उभं केलं ना. "बसत नाही हो नियमात," ते म्हणाले. मी म्हणालो, "माहीत आहे." हे दोन शब्द मी आयुष्यात कधी असे वापरले नव्हते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "प्रश्नपत्रिकांचं पाकीट फोडायला वेळ आहे अजून. दारात उभे राहा. आत पाऊल नको."

मी दारात उभा राहिलो. दर्शना स्वतः उठून आली. दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे, मग उलटे, मग बाह्या वर. हात घासून घासून धुतले होते. बोटांवर कालवांनी कापल्याच्या बारीक रेघा होत्या, काही जुन्या, एक ताजी. सगळा वर्ग बघत होता. कोणाच्या तरी कंपासपेटीचं झाकण वाजलं, तेवढाच आवाज.

"काही नाही," मी म्हणालो.

"ऐकू नाय आलं, सर," मागून एक मुलगा म्हणाला. हसू फुटलं.

"काही नाही!" मी ओरडलो. "हिच्या हातावर काही नाही. परवाही काही नव्हतं."

ती जागेवर जाऊन बसली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माफ केलं वगैरे काही नाही. हिशोब पुरा झाला, एवढंच. या वयाच्या मुलांना आपण भावनाप्रधान म्हणतो. मला तर त्यांच्याइतकी काटेकोर माणसं दुसरी दिसली नाहीत.

निकाल लागला तेव्हा ती गणितात चार गुणांनी गेली. चोवीस मिनिटांत किती गुण मावतात याचा विचार मी केला नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. अजूनही बसल्या बसल्या तो येतो, मग मी उठतो आणि खिडकीशी जातो. जुलैत ती पास झाली. स्टीलच्या डब्यात कालवं घेऊन बोईसरला आली, विनयाकडे. मला म्हणाली, "सर, जुलैवाली पास." दोघी स्वयंपाकघरात दीड तास बोलत होत्या. त्यानंतर ती येत राहिली. पालघरच्या आयटीआयला गेली, वायरिंग शिकायला. आमच्या दिवाणखान्यातलं बटण दोन वर्षं ठिणग्या टाकत होतं, ते तिने स्क्रू ड्रायव्हरने उघडून दहा मिनिटांत दुरुस्त केलं. वर मला ऐकवलं, "दोन वर्षं काय वाचत होतात?"

विनया मुलांना घाबरायला शिकवत नव्हती आणि घाबरू नका असंही सांगत नव्हती. ती नुसती विचारायची. काय झालं, मग काय केलंस, मग. तिच्या आजारपणात डॉक्टरांनाही तसंच विचारायची. शेवटच्या आठवड्यात एका रात्री, शेजारी पडल्या पडल्या, मला विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का?" मी म्हणालो, "नाही. टेन्शन घेऊ नकोस." ती हसली आणि चादरीखालून बाहेर आलेल्या माझ्या पायांकडे तिने पाहिलं.

ती सप्तमीला गेली. भावांनी ठरवलं, अस्थी नवमीला दुपारी चारला सोडायच्या, तोवर साताऱ्याहून सगळे पोचतात. जागा मीच सांगितली, एडवण. अष्टमीला दर्शना भेटायला आली. पाणी प्यायली, भिंतीकडे बघत बसली. मी चारची वेळ सांगितली तेव्हा तिची मान झटक्यात वर आली.

"चारला नको, सर. चारला पाणी चढत असतं. सोडलेलं परत पायाशी येतं. तुमाला बघवणार नाय." तिने ओठांतल्या ओठांत गणित केलं. "नऊ त्रिक सत्तावीस. पावणेसातला भरती भरते. सव्वासातला पाणी फिरलेलं असेल. तेव्हा सोडा. घेऊन जाईल."

"पण सगळे यायचेत."

"सगळ्यांना थांबवा. पाणी नाय थांबणार."

मग तिने टेबलावरचं माझं पेन उचललं, माझा हात धरला आणि मनगटाच्या आत लिहिलं. ९×३÷४. खाली, गोल करून, ७.१५. "विसराल तुमी," ती म्हणाली. पेनाचं टोक कातडीवर टोचत होतं. सबंध आठवड्यात मला तेवढंच काही लागलं. मी रडलो ते तिथे.

सकाळी सव्वासातला मी, धाकटा भाऊ, दर्शना आणि तिची आई, एवढेच होतो. पाणी खरंच घेऊन गेलं. उरलेले दुपारी आले, रागावले, जेवले.

वर्षाने तिथी फिरून आली की पाणीही त्याच वेळेला तिथेच येतं, हे माझ्या आज सकाळी ध्यानात आलं. आज नवमी. मी एकटाच एडवणला गेलो. दर्शनाचं प्रॅक्टिकल होतं. तिने फोन करून फक्त विचारलं, "किती वाजता, सर?" मी बरोबर सांगितलं. मला वेळ पाठ होती. तरी निघण्याआधी विनयाच्या पेनाने मनगटावर लिहिली होती, गुणाकारासकट. सव्वासातला गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. काही सोडायचं नव्हतं. पायाखालची वाळू सरकत होती तेवढी सरकू दिली. मग कपडे बदलून थेट केंद्रावर, बोईसरला.

अकराचा पेपर. मुलं अनवाणी आत आली. मी नेहमीसारखं म्हणालो, "बाह्या वर. हात दाखवा." पंचवीस जोड्या हात वर झाले. कोणाच्या बोटांना शाई, कोणाची नखं कुरतडलेली. मी बाकांमधून फिरत होतो. खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगा होता. त्याचे पाय एकमेकांवर इतके घट्ट चढले होते, की बोटं पांढरी पडली होती. तोंडाने मात्र हसत होता.

"सर," तो म्हणाला, "तुमचापण दाखवा ना."

वर्ग हसला. कोणीतरी पुटपुटलं, "गया ये." एरवी मी काय म्हणालो असतो ते मला माहीत आहे. मी शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे धरला. खाऱ्या पाण्याने शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होती. हसणं थांबलं. पाठीमागची मुलं बाकावरून अर्धी उठून बघू लागली. त्या मुलाने मान वाकडी करून आकडे वाचले, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सर, काय लिहिलंय ते?" त्याने विचारलं.

पाकीट फोडायला चार मिनिटं होती. मी त्याच्या बाकाच्या कडेला टेकलो आणि सांगायला लागलो. थोड्या वेळाने बाकाखाली पाहिलं. त्याचे पाय सुटे झाले होते.